चार बोटे चिखलाखालचा जांभा

बेळगावात खानापूर रोडवर माझे टायरचे दुकान आहे. गेल्या जुलैत, पाऊस चार दिवस थांबलेला नसताना, कणकुंबीकडचे एक वयस्क काजू बागायतदार आपली जुनी जिप्सी घेऊन आले. स्टिअरिंग जड झाले आहे आणि बागेच्या चढावर गाडी आडवी सरकते, अशी त्यांची तक्रार होती. मूळच्या २०५/७० आर १५ टायरांच्या जागी (पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये) त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून २३५/७५ आर १५ मापाचे मड टायर आणि चाक मूळ जागेपेक्षा बाहेर सरकवणारे अलॉय रिम बसवून घेतले होते. "मोठं टायर घातलं की गाडी अडकत नाही म्हणालेत की ओ," ते म्हणाले.

स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून खाली वाकून पाहिले, तर डाव्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोटभर रुंद चर पडला होता, त्यातून दोरे डोकावत होते आणि मडगार्डची कड त्याच जागी घासून लखलखत होती. नवे टायर व्यासाने सुमारे ६५ मिलिमीटर मोठे असल्यामुळे स्पीडोमीटर ८० दाखवी तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८८ च्या आसपास धावत असे. शिवाय चाक हबपासून, म्हणजे ते ज्यावर बसते त्या मधल्या भागापासून, बाहेर गेल्याने प्रत्येक खड्ड्याचा हिसका स्टिअरिंगपर्यंत पोहोचत होता आणि बेअरिंगवरचा ताणही वाढला होता. इथवरचे निदान सोपे होते. चढावर गाडी का सरकते, याचे उत्तर मात्र दुकानात बसून देणे मला पटेना.

रविवारी मी त्यांच्या बागेत गेलो आणि चाकोरीत सळई रोवून पाहिली. ती चार बोटे लाल चिखलात सहज शिरली आणि खण्ण करून जांभ्यावर आदळली. रुंद टायर त्या पातळ चिखलावर तरंगत होता. अरुंद टायर तोच चिखल कापून खालच्या दगडाला भिडला असता. निपाणी-चिकोडीच्या खोल काळ्या मातीत, जिथे सळईला तळच लागत नाही, तिथे मी अरुंद टायरचा सल्ला दिला नसता.

मूळच्या लोखंडी डिस्क, म्हणजे जुने रिम, त्यांनी काजूच्या कोठारात जपून ठेवल्या होत्या, हे नशीबच. त्यांवर १९५/८० आर १५ मापाचे ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारे, टायर बसवले, कारण त्यांचे निम्म्याहून अधिक फिरणे डांबरी रस्त्यावरच होते आणि ओल्या डांबरावर मड टायरची पकड कमीच पडते. लोड इंडेक्स ९६, म्हणजे एका टायरला ७१० किलो, हा त्यांच्या ओझ्याला पुरेसा होता. चढाआधी हवा २० पौंडांपर्यंत उतरवायची आणि डांबरी रस्ता धरण्याआधी पुन्हा पूर्ववत भरायची, एवढे सांगून पायपंप त्यांच्या हाती दिला.

१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायला या, असे बजावले होते, म्हणून आठवड्याने ते आले. मडगार्डपर्यंत लाल चिखल होता आणि मागच्या सीटवर माझ्यासाठी फणस ठेवलेला होता. रुंद टायरांचे काय करायचे, हे मात्र त्यांनी विचारले नाही. ते टायर अजून माझ्याच दुकानाच्या माळ्यावर आहेत.