केसरीवाडा, गर्दी नसताना

आज केसरीवाडा निवांत बघितला. गणपतीत मानाचा पाचवा म्हणून जाणं होतंच, पण तेव्हा रेटारेटीत दर्शन घेऊन बाहेर पडायचं, वाडा वाडा म्हणून बघणं राहूनच जातं. मूळचा गायकवाडांचा हा वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला आणि मग घर, केसरीचं ऑफिस, छापखाना सगळं एकाच आवारात, म्हणजे घरातल्या माणसांना निवांतपणा कधी मिळत असेल का हाच प्रश्न पडला मला.

मादाम कामांनी १९०७ ला स्टुटगार्टला फडकवलेला झेंडा इथे आहे. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्'. इंदुलाल याज्ञिकांनी तो लपवून भारतात आणला. किती वेळ उभी होते त्याच्यासमोर! परदेशात, इतक्या देशांच्या लोकांसमोर, आपली अक्षरं. अंगावर काटा आला.

पण घरी आल्यापासून डोक्यात टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाईच आहेत. १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला नेलं, आणि १९१२ मध्ये इकडे त्या गेल्या. बातमी तिकडे तुरुंगात कळली. शेवटची भेट नाही, काही नाही. गीतारहस्य तिथे पेन्सिलीने लिहिलं हे आपण शाळेपासून ऐकतो, मला तोंडपाठ आहे ते, पण त्याच काळात बाई इथे कशा राहिल्या असतील, रोज कोण काय विचारत असेल, पत्राची वाट बघणं कसं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आपण नेहमी टिळकांच्या कोठडीत जाऊन बघतो, घराच्या बाजूनं कोणी बघतच नाही.

जून १९१४ मध्ये मध्यरात्री पोलिसांनी टिळकांना ह्याच वाड्यावर आणून सोडलं. बाहेर पुणं झोपलेलं, आणि सहा वर्षांनी घरात पाऊल ठेवायचं तर बायको नाही. टेबल, पत्रं, फोटो हे सगळं जपलंय ते फार चांगलं केलंय, खरंच, पण मला आज त्या आवारात चालताना सारखं तेच दिसत होतं. पुढच्या वेळी आईला घेऊन जाणार आणि तिला टेबलाच्या आधी सत्यभामाबाईंचं सांगणार.