आमची वाटचाल : कलौंजीच्या पाकिटाने दुकान उभं केलं

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या साउथ साइडला आम्ही नवरा-बायकोनी 2004 मध्ये किराणा दुकान टाकलं, कारण एकच, तिथलं भाडं परवडत होतं. आपली मंडळी राहणार सगळी लांब पश्चिमेला, त्यामुळे पहिलं वर्ष फार कठीण गेलं. तिथल्या बेव्हो मिल या वस्तीच्या आसपास बोस्नियन लोक राहतात, युरोपातल्या बोस्नियातून 1992 ते 95 च्या युद्धात सगळं सोडून आलेले, एवढंच माहीत होतं.

रमजानच्या तोंडावर एक आजी आल्या, "चुरेकोत, चुरेकोत" म्हणतायत, आम्हाला काही कळेना, शेवटी त्यांनीच रॅकवर बोट ठेवलं तर कलौंजी! आपल्याकडे याला कांद्याचं बी म्हणतात, पण ते कांद्याचं नसतं. त्यांचा सोमून म्हणजे जाडसर गोल रोटी, रमजानमधे त्यावर हे दाणे हवेतच. आठवड्यात सगळी पाकिटं संपली. बोस्नियनमध्ये दुकानाला दुचान म्हणतात हेही त्याच आजींनी सांगितलं, तेव्हापासून आम्ही त्यांचे दुचानवाले.

मग जवळच्या बोस्नियन बेकरीचा माल ठेवायला लागलो आणि पहिल्याच दिवशी चूक केली, पातळ पिठात सारण भरून भाजलेल्या पदार्थाच्या पाटीवर "चीज बुरेक" लिहिलं. आजी खूप रागावल्या. बुरेक फक्त मांसाचा, चीजची ती सिरनित्सा, पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रुम्पिरुशा, आणि सगळ्यांचं मिळून नाव "पिता". पाटी लगेच बदलली. नंतर एकदा त्यांच्या घरी युफ्का, म्हणजे या पदार्थांसाठीचं पातळ पीठ, करताना बघितला, टेबलभर चादर अंथरून पीठ हातानी ओढत ओढत एवढं पातळ करतात की खालची नक्षी दिसते, माझ्या आईची पुरणपोळी आठवली मला. बोस्नियातल्या सरायेव्होहून निघताना बरोबर काही आणता आलं नाही, पण हे हातात होतं असं त्या म्हणाल्या आणि मला पुढे काही बोलताच येईना.

बेगोव्हा चोर्बा या चिकनच्या सूपला सुकवलेली बारीक भेंडी लागते, दोऱ्यात ओवलेली, तिला बामिया म्हणतात. ती मिळवायला आम्हाला दोन वर्षं लागली, आता कायम असते. कॉफी उकळायची जेझ्वा, छोटे फिल्जान म्हणजे कप, रहात लोकुम ही मिठाई, सगळं एका शेल्फवर.

बरीच कुटुंबं आता साउथ काउंटीत राहायला गेलीत, म्हणून शनिवारी मुलगा तिकडे डिलिव्हरी देतो. नातवंडं फोनवर इंग्रजीत ऑर्डर देतात पण बामियाला बामियाच म्हणतात. आजी आता येत नाहीत, गुडघे दुखतात, तरी बायरामला, म्हणजे ईदला, बकलावा या मिठाईचा ट्रे येतोच, आणि बायको तो रिकामा परत पाठवत नाही, गेल्या खेपेला करंज्या भरून दिल्या.