दारावरची पाटी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘तुम्ही’ म्हणजे सांगलीची मावशी, पुण्याचे भाऊजी, नवऱ्याचे कॉलेजातले मित्र आणि त्यांच्या बायका. टेक्सासात डॅलसच्या उत्तरेला आमच्या घरी जो जो उतरला, त्यानं दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी हा प्रश्न विचारलाच. मी इथल्या नगरपालिकेच्या वाचनालयात काउंटरवर बसते, म्हणून तो मलाच विचारतात. “तुमच्या लायब्ररीत माणूस कमरेला पिस्तूल लावून येऊ शकतो? आणि तुम्ही त्याला काही म्हणत नाही?”

येऊ शकतो. आणि नाही म्हणत.

मावशीनं तर ते डोळ्यांनी पाहिलं. मुलांच्या विभागात ती खुर्चीत बसली होती. एक आजोबा नातवासाठी खालच्या फळीवरचं चित्रांचं पुस्तक काढायला वाकले, शर्ट वर सरकला आणि काळं होल्स्टर दिसलं. मावशी उठून तडक काउंटरवर आली आणि कुजबुजली, “अगं, त्या माणसाच्या कमरेला...” मी म्हटलं, “हो.” “मग?” “मग काय? त्यांच्या नावावर दोन पुस्तकं थकलीयेत. मला तेवढंच विचारता येतं.”

मावशीला वाटलं मी थट्टा करतेय. तशी नव्हते करत.

टेक्सासात दुकानदाराला, रेस्टॉरंटवाल्याला आणि देवळाच्या ट्रस्टला दारावर पाटी लावून परवानाधारकाला पिस्तुलासकट आत यायला मनाई करता येते. नगरपालिकेला ती करता येत नाही. आपल्याकडे सरकारी कचेरी म्हणजे सगळ्यात जास्त नियम, आणि खासगी जागा म्हणजे मालकाची मर्जी. इथे या एका बाबतीत मर्जी खासगी मालकाचीच चालते, सरकारला मर्जीच नाही. जागा लोकांची, आणि पिस्तूलवाला हाही लोकांपैकीच एक, हा त्यामागचा विचार.

पाटीचीही गंमत आहे. तिला सगळे ‘थर्टी-ओ-सिक्स’ म्हणतात, कारण ती टेक्सासच्या दंडसंहितेच्या कलम ३०.०६ ची. पिस्तूल उघड लावलं असेल तर ३०.०७ ची दुसरी पाटी. मजकूर कायद्यात ठरवून दिलेला, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच, रंग उठून दिसणारा. आमच्या देवळाच्या दारात दोन्ही पाट्या आहेत. गणपतीच्या आरतीला जाताना आधी स्पॅनिश वाचावं लागतं. मराठीत फक्त ‘चपला येथे काढाव्यात’ एवढंच.

हे असं का झालं, हे समजायला १९९१ पर्यंत मागे जावं लागतं. १६ ऑक्टोबरला किलीन गावातल्या लूबीज या जेवणघरात एका माणसानं ट्रक घुसवला आणि गोळीबार करून २३ जणांना मारलं. सुझॅना हप तिथे आईवडलांबरोबर जेवत होत्या. त्यांचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हाच्या कायद्यानं ते अंगावर बाळगणं गुन्हा होता. आईवडील दोघंही गेले. पुढे त्या परवान्यानं पिस्तूल अंगावर बाळगू देणाऱ्या कायद्यासाठी बोलत राहिल्या आणि आमदारही झाल्या. १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी तशा कायद्यावर सही केली, १९९६ पासून तो लागू झाला. लगेच दारांवर मनाईच्या पाट्या दिसायला लागल्या. १९९७ मध्ये पाटीचा नमुना ठरला. २००३ मध्ये विधिमंडळानं सांगितलं की सरकारी जागेवर ही पाटी चालणार नाही.

पण ‘चालणार नाही’ म्हटलं तरी बऱ्याच ठिकाणी पाट्या तशाच राहिल्या. कायद्यात जोर नसला तरी वाचणारा माघारी जातो, आणि कचेरीला तेवढंच हवं असतं. म्हणून २०१५ मध्ये दंड आला. पाटी दिसली की परवानाधारकानं त्या कचेरीला लेखी कळवायचं. कामकाजाच्या तीन दिवसांत ती निघाली नाही तर तक्रार राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे. तिथून आणखी पंधरा दिवसांची मुदत, आणि मग पहिल्या खेपेला रोज १,००० ते १,५०० डॉलर दंड, पुन्हा तोच गुन्हा केला तर रोज १०,००० ते १०,५०० डॉलर.

ऑस्टिन शहराला तो भरायची वेळ आली. तिथल्या सिटी हॉलच्या दारावर पिस्तुलावर काट मारलेलं चित्र होतं, आणि परवानाधारकांना आत सोडत नव्हते. २०१६ मध्ये राज्यानं स्वतःच्याच राजधानीच्या शहरावर खटला भरला. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी सहा दिवसांचे, दिवसाला १,५०० प्रमाणे, ९,००० डॉलर ठोठावले. नऊ हजार म्हणजे शहराच्या हिशेबात चहापाणी, पण निरोप सगळ्या नगरपालिकांना पोचला.

त्याच ऑस्टिनमध्ये राज्याचं कॅपिटल, म्हणजे विधानभवन, आहे. २०१० मध्ये तिथल्या पायऱ्यांवर गोळीबार झाला आणि मग दारात मेटल डिटेक्टर बसले. पिस्तुलाचा परवाना असलेल्याला मात्र कार्ड दाखवून वेगळ्या रांगेनं, डिटेक्टर टाळून आत जाता येतं. त्यामुळे पिस्तुलाशी काही देणंघेणं नसलेल्या, आमदारांना गाठायला येणाऱ्या कित्येक लॉबीवाल्यांनीही रांग चुकवायला परवाना काढला. हे ऐकून भाऊजी म्हणाले, “म्हणजे व्हीआयपी दर्शनाचा पास.” मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

मग सरकारी जागेत कुठेच मनाई नाही का? आहे, आणि खरा गोंधळ तिथेच आहे. मनाई इमारतीला चिकटत नाही, इमारतीत त्या वेळी काय चाललंय त्याला चिकटते. कोर्ट आणि कोर्टाची कार्यालयं, शाळा, तुरुंग, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग, शाळा-कॉलेजांचे नि व्यावसायिक सामने, हे मनाईचे ठरलेले. पण काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कोर्ट आणि खाली गाडीची नोंदणी असेल तर? वॉलर काउंटीत तर याच मुद्द्यावरून वाद कोर्टात गेला. डिसेंबर २०१५ मध्ये ॲटर्नी जनरलनी मत दिलं की मनाई फक्त कोर्टरूमला आणि कोर्टाच्या कामाला आवश्यक अशा कचेऱ्यांना, अख्ख्या इमारतीला नाही. म्हणजे त्यांच्या मते एकाच जिन्यात कुठल्यातरी पायरीवर कायदा बदलतो.

आमच्या वाचनालयातही तसंच. एरवी पिस्तूल चालतं. सभागृहात नगरपालिकेच्या एखाद्या मंडळाची रीतसर नोटीस काढलेली जाहीर सभा असली, तर त्या खोलीत मनाई करता येते. शाळेनं आपल्या कार्यक्रमासाठी मुलं आणली की शाळेचा नियम मागोमाग येतो. आणि निवडणूक आली, वाचनालय मतदान केंद्र झालं, की तिथे बंदी. नुसती मतदानाच्या दिवशी नाही, त्याआधी मत देता येतं त्या अर्ली व्होटिंगच्या दिवसांतही. आपल्याकडे निवडणुकीत परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. माझ्या आजोळी तो एक सोहळाच असायचा, बंदूक धोतराच्या फडक्यात गुंडाळून नेण्याचा. इथे जमाबिमा नाही. माणसानं आपणहून घरी किंवा गाडीत ठेवून यायचं.

जागा सरकारची पण चालवणारा खासगी, हे आणखी एक त्रांगडं. डॅलसचं फेअर पार्क शहराच्या मालकीचं, त्यात भरणारी टेक्सासची जत्रा मात्र एका खासगी संस्थेची. वर्षानुवर्षं परवानाधारकांना तिथे पिस्तूल नेता येत होतं. २०२३ च्या जत्रेत गोळीबारात तिघं जखमी झाले, आणि २०२४ मध्ये जत्रेनं सगळ्यांनाच बंदी घातली. ॲटर्नी जनरल कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, जमीन शहराची म्हणजे बंदी बेकायदा. जत्रेचं म्हणणं, भाडेपट्टा आमचा, निर्णय आमचा. जत्रा उघडायच्या आत टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानंही बंदी थांबवायला नकार दिला. त्या वर्षी आम्ही गेलो होतो. कॉर्न डॉग खाताना आजूबाजूला कुणाच्या कमरेला काय असेल हा विचार माझ्या मनात आला नाही, एवढं कबूल करते.

हे सगळं राज्याचं झालं. केंद्र सरकारच्या जागेत टेक्सासचा परवाना उपयोगाचा नाही. सोशल सिक्युरिटीचं कार्यालय, ग्रीन कार्डसाठी बोटांचे ठसे द्यायला जातो ती कचेरी, या ठिकाणी बंदीच. टपाल खात्याचा नियम तर पार्किंगलाही लागू होतो. त्याच्यावर कोर्टांत खटले चालू आहेत, पण किलीनच्या त्या बाईंना जे पिस्तूल गाडीत ठेवावं लागलं, ते या नियमानं पोस्टाच्या आवारात गाडीतही चालत नाही. उलट बिग बेंडसारख्या राष्ट्रीय उद्यानात पिस्तूल नेता येतं, फक्त तिथल्या सरकारी इमारतींत नाही. ही सवलत ज्या कायद्यातून आली तो २००९ चा क्रेडिट कार्डांचा कायदा. व्याजदरांच्या कलमांमागे बंदुकीचं कलम शिवून दिलं होतं!

तुम्ही पुढचा प्रश्न विचाराल, तुझ्याकडे आहे का? नाही. पण परवान्याचा वर्ग मी केलाय, काउंटरवर रोज ज्याच्याशी गाठ पडते ते कळावं म्हणून. चार ते सहा तासांचा वर्ग, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या. २५० पैकी १७५ गुण लागतात. मला किती पडले ते मावशीला सांगितलेलं नाही. २०२१ पासून पिस्तूल बाळगायला परवाना लागतोच असं नाही, पण सरकारी जागेत पाटी लावू न देण्याची हमी परवानाधारकालाच आहे. आणि ओळखीतल्या एच-वन-बीवाल्या पोरांनो, तुमच्यासाठी हा विषय जवळजवळ बंदच. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगणं हाच केंद्राचा गुन्हा आहे. मित्राची हातात धरून फोटोसुद्धा काढू नका.

मला विचाराल तर मुलांच्या विभागाच्या दारावर पाटी असावी असंच वाटतं. सरकार म्हणजे लोक, हा तर्क मला कळतो, पण पटत नाही. कारण तिथे येणारी आई आणि तिचं पोर हेही लोकच. कुणी पिस्तुलाला हात लावून धमकावलं तर पोलिसांना बोलावता येतं. नुसतं कमरेला असेल तर मी आणि माझा बारकोड स्कॅनर, एवढंच.

मार्चच्या प्रायमरीचं, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचं, अर्ली व्होटिंग आमच्याकडे होतं. ते आजोबा आले, दारावरची मतदान केंद्राची पाटी वाचली आणि परत गाडीकडे गेले. पाच मिनिटांनी आत आले, मत दिलं आणि काउंटरवर येऊन म्हणाले, ती दोन पुस्तकं सापडली, नातवाच्या पलंगाखाली होती.