ओव्हरॅक्टिंगचे पन्नास रुपये

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे, इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराचा विषय तर काढायचाच नाही, तरी भांडण होतंच, आणि ते होतं 'फिर हेरा फेरी' चांगला की वाईट ह्यावरून. 2006 चा पिक्चर आहे यार, किती वर्षं झाली!

दादाने पहिला भाग, 'हेरा फेरी', 2000 मधे टॉकीजला पाह्यलेला. त्याचं म्हणणं, प्रियदर्शनच्या त्या पिक्चरमधे भूक होती, भाडं थकलंय, नोकरी नाही, स्टार फिशरीजचे फोन चुकून बाबूराव आपटेच्या स्टार गॅरेजला येतात आणि तिथून सगळा घोळ, म्हणजे हसता हसता पोटात कालवतं. दुसऱ्यात राजू, श्याम, बाबूराव तिघं डायरेक्ट बंगल्यात, डायरेक्शन नीरज व्होराचं, आणि सगळे नुसते ओरडतात. ओव्हरॅक्टिंग! काकूचा राग वेगळाच, "आपटे असा असतो का रे?" पहिल्यातला बाबूराव तिला चालतो कारण तसे एक आजोबा आमच्या वाड्यात खरंच होते, जाड चष्मा, धोतर, सगळं सेम. दुसऱ्यातला म्हणजे म्हणे आपली टिंगल.

आम्ही धाकट्यांनी मात्र दुसराच आधी पाह्यला, टीव्हीवर, उन्हाळ्याच्या सुट्टीत, अर्ध्यातून, जाहिरातींसकट. पहिला नंतर बघितला तर स्लो वाटला (हे ग्रुपवर लिहिलं तर दादा दोन दिवस बोलला नाही). आणि मीम्स बघा ना, एकवीस दिवसांत पैसा डबल, ते दुसऱ्यातलंच की. खरं सांगू, आता मलाही पहिलाच जास्त आवडतो, पण कबूल करणार नाही, दादा डोक्यावर बसेल.

2025 च्या मे मधे परेश रावलने, म्हणजे आपल्या बाबूरावनेच, तिसरा भाग सोडल्याची बातमी आली आणि दोन्ही पार्ट्या एकदम एक! बाबूराव नाही तर पिक्चरच नको. त्या आठवड्यात सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाताना दादा चक्क माझ्याशी हसून बोलला. जूनमधे परेश रावल परत आले, आमचं भांडणही परत आलं, आता म्हणे तिसरा पहिल्यासारखा हवा की दुसऱ्यासारखा.

आणि एक राह्यलंच. परवा सकाळी पोह्यात मिरची लागली म्हणून दादाचा छोटा गडाबडा लोळला, तर पहिला आवाज दादाचाच, "पन्नास रुपये कट, ओव्हरॅक्टिंगचे!" मी विचारलं, हा डायलॉग कुठल्या भागातला रे? तर उठून जिलेबी आणायला गेला.