पिंजऱ्याची वही: मृगापासून दिवाळीपर्यंत

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं, की या पावसाळ्यात घरातला एकही उंदीर न मारता बाहेर काढणार. त्याचा हा हिशोब. आकडे आधी सांगून टाकते. जूनपासून आजपर्यंत पिंजरे लागले ते ३१ वेळा. त्यात उंदीर २२ वेळा, चिचुंद्री ७ वेळा, एकदा बेडूक आणि एकदा चक्क शेतातला खेकडा, सुक्या जवळ्याच्या वासाने आलेला. 'वेळा' हा शब्द मुद्दाम वापरलाय. बावीस वेळा म्हणजे बावीस उंदीर नव्हेत. का ते पुढे कळेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: घर गुहागर तालुक्यात, जुनं, कौलारू, भिंती चिऱ्याच्या आणि चिरे मातीत बसवलेले. माती झडली की सांध्यात फट पडते. घरातल्या पिटुकल्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे शाळेतली पेन्सिल जिथून आत जाईल तिथून तोही येतो. आमच्या माजघरात अशा फटी किती ते मोजायचं मी सोडून दिलंय.

१२ जून

मृग लागला, चार दिवस धो धो कोसळला आणि बांधावरच्या बिळांत पाणी शिरलं. तिसऱ्या रात्री पोटमाळ्यावर शर्यती सुरू झाल्या. दरवर्षीचंच आहे हे.

यंदा पिंजरा लावायच्या आधी रांगोळी टाकली. चहाच्या गाळणीतून भिंतीलगत चार बोटं रुंदीचा पातळ थर द्यायचा आणि सकाळी बॅटरी जमिनीलगत आडवी धरून बघायचं. अंधारात एरवी काही म्हणजे काही दिसत नाही, पण आडव्या उजेडात बोटंसुद्धा मोजता येतात. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात, मागच्याला पाच. चिचुंद्रीची चारही पायांना पाच. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं, कारण पिंजऱ्यात काय ठेवायचं ते त्यावर ठरतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रांगोळी देवापुढे घालतात, धान्याच्या पिंपामागे नाही." पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी बॅटरी घेऊन त्याच बसल्या होत्या.

२० जून

बाजारातला जुन्या पद्धतीचा जाळीचा पिंजरा, आकड्याला आमिष अडकवायचं आणि ते ओढलं की झडप पडते, तो. तीन रात्री भजी गायब, झडप उघडीच. कारण साधं आहे. हा पिंजरा मोठ्या उंदरासाठी केलेला. कौलांवरून फिरणारा, अंगापेक्षा लांब शेपटीचा काळा उंदीर आकड्याला झटका देतो. आपल्या पिटुकल्याचं वजन १५-२० ग्रॅम. तो भजी जागच्या जागी कुरतडतो आणि ढेकर देऊन निघून जातो.

दोन बदल केले. आकड्याचं टोक, जिथे ते खिटीवर टेकतं तिथे, कानशीने घासून अगदी नखभर टेकेल एवढंच ठेवलं. आणि भजी बंद. त्याऐवजी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा शिवणाच्या दोऱ्याने घट्ट बांधला. खोबरं दाताने कुरतडून निघत नाही, ओढावं लागतं. चौथ्या रात्री पहिला पाहुणा आला.

सुक्या मासळीचा मोह टाळा. वास लांब जातो हे खरं, पण त्या वासाला चिचुंद्री आधी पोचते. माझ्या सातपैकी सहा चिचुंद्र्या जवळा-बोंबलावरच आल्या. ती उंदरांच्या कुळातली नाहीच, किडे आणि झुरळं खाणारी. तिला धरून काही उपयोग नाही, उलट तोटाच आहे. आणि तिची भूक भलतीच, रात्रभर उपाशी कोंडली तर सकाळी मेलेली सापडायची. चिंग चिंग आवाज आला की मध्यरात्री उठून सोडते. त्यानंतर हाताला येणारा वास साबणाने जात नाही, हे ओघाने आलंच.

१५ जुलै

पावसात कामाला सुट्टी होती तेव्हा तेलाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्यातून एक पेटी केली. अभ्यासक मंडळी रानात उंदीर धरायला शर्मन पेटी वापरतात, तिची गावठी नक्कल. लांबी ३० सेंटिमीटर, तोंड आठ बाय आठ. मध्ये पाय पडायची पातळ पट्टी, तिच्यावर भार आला की मागे झडप मिटते. आत अंधार असतो, त्यामुळे उंदीर घाबरून जाळीवर नाक घासत नाही. जाळीच्या पिंजऱ्यात नाक रक्ताळलेले दोन बघितले, तेव्हापासून हे डोक्यात होतं.

पहिल्याच रात्री झडपेत शेपटी सापडली. सोडताना शेपटीचं टोक सोललेलं दिसलं आणि मला दिवसभर जेवण गेलं नाही. आता झडपेच्या खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली आहे आणि झडप ४ मिलिमीटर वर थांबते. शेपटी सुटते, उंदीर सुटत नाही. पाच ठेवून बघितलं होतं, पण त्यातून एक पिल्लू निसटलं.

मधेच एक भाचा गोंदाची पाटी घेऊन आला होता. "मामी, एका रात्रीत सगळे." मी ती लावू दिली नाही. चिकटलेला उंदीर तासन् तास जिवंत असतो, स्वतःचे केस आणि कातडी उपटत बसतो. प्राणी कल्याण मंडळाने अशा पाट्यांविरुद्ध राज्यांना कळवलेलं आहे, आणि १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ आहेच. भाच्याला कायद्यापेक्षा फोटो जास्त पटले.

गणपतीचे दिवस

आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी फर्मान काढलं. "गणपती घरात बसलाय आणि त्याचं वाहन पिंजऱ्यात? चालायचं नाही. गौरी जाईपर्यंत पिंजरे बंद."

बंद म्हणजे काय, यावर आम्ही थोडी घासाघीस केली. तोडगा असा निघाला: पिंजरे जागेवरच राहतील, आमिषही राहील, पण झडप सुतळीने उघडी बांधायची. उंदीरमामांनी यावं, खावं, जावं. रोज खोबऱ्याबरोबर मोदकाच्या सारणाचा गोळासुद्धा आत पडत होता. तो मी ठेवत नव्हते.

विसर्जन झालं त्या रात्री सुतळ्या सोडल्या. सकाळी चारही पिंजरे भरलेले! एका रात्रीत चार, हे माझ्या वहीत कधीच झालं नव्हतं. त्यातला एक तर पोटमाळ्यावरचा काळा उंदीर, जो तीन महिने पिंजऱ्याच्या कडेने वळसा घालून जात होता. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, वाटेत काही वेगळं दिसलं की कितीतरी दिवस त्याच्या जवळ जात नाहीत. पिटुकला उलट चौकस, तो पहिल्याच रात्री वास घेऊन जातो. म्हणून मोठ्यासाठी पिंजरा आधी पाच-सहा दिवस उघडा ठेवून सवय लावायची असते. हे मी वाचलेलं होतं आणि आळसाने कधी केलं नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडून करून घेतलं. वहीत त्या पानावर त्यांच्या नावाने नोंद आहे.

ऑक्टोबर, खळ्यावर

बाहेरची नोंद लिहायला हात रेंगाळतोय, पण लिहायला हवी.

भात कापून खळ्यात आलं तसे उडवीच्या, म्हणजे रचलेल्या भाताच्या ढिगाच्या, बुडाशी दोन पिंजरे लावले. बाहेरचं गणित वेगळं असतं. सकाळी सहाला बघायचे म्हणजे सहालाच, कारण साडेआठला ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर आलं की आत भट्टी होते. हे मला माहीत होतं. जे लक्षात आलं नव्हतं ते मुंग्यांचं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले तर जाळीच्या पिंजऱ्याला खालून लाल मुंग्यांची रांग. खोबऱ्याला लागल्या होत्या आणि खोबऱ्याजवळ तो होता. मेलेला. उंदीर न मारायचा चंग बांधून मी त्याला सगळ्यात वाईट मरण दिलं. वहीत त्या तारखेला फक्त 'माझी चूक' एवढंच लिहिलं आहे.

आता बाहेरचा प्रत्येक पिंजरा विटेवर, वीट पाणी भरलेल्या परातीत, आणि परातीतून विटेवर यायला एक लाकडी फळी. मुंग्या फळीवरून येऊ नयेत म्हणून फळीच्या मधोमध एरंडेलाचा जाड पट्टा, रोज संध्याकाळी नव्याने. आत मूठभर पेंढा आणि काकडीची चकती, पाण्याची सोय म्हणून. रात्री एकला गजर लावून एक फेरी. एवढं जमणार नसेल तर बाहेर पिंजरा लावूच नये, असं माझं मत झालंय.

घुशींसाठी माझ्याकडे उत्तर नाही. बांधावर मातीचे ढीग टाकून आत भाताच्या लोंब्या साठवतात, माझे पिंजरे त्यांना तोकडे पडतात. त्यांचं काम धामण करते, आणि ती दिसली की आता कोणी काठी उचलत नाही, एवढी समज वाडीत आली आहे. माडांवरच्या काळ्या उंदरांना तर पिंजराही नको. बुंध्याला पुरुषभर उंचीच्या थोडं वर हातभर रुंद पत्र्याचा गुळगुळीत पट्टा, झावळ्या शेजारच्या झाडाला टेकत नाहीत ना बघायचं, झालं. पट्टा मारल्यापासून त्या सहा माडांखाली कुरतडलेली शहाळी पडलेली नाहीत.

सोडायचं कुठे

यावरून यंदा बोलणी खाल्ली. मी सुरुवातीला कुंपणापलीकडे सोडायची. शेजारच्या काकू एक दिवस ओटीवर आल्या, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "काय गं, तुझे पाहुणे आमच्याकडे मुक्कामाला पाठवतेस होय?" काय बोलणार!

मग मी खुणा करायला लागले. पूर्वी घशाला लावायचे ते जांभळं औषध, त्याचा एक ठिपका शेपटीवर. पिंजरा हलकेच तिरका धरला की शेपटी जाळीबाहेर लोंबते, कापसाची काडी टेकवायची. काही दिवस रंग दिसतो. पेटीतून आलेला असेल तर पारदर्शक बरणीत घेऊन, झाकणाच्या भोकातून. हातमोजे कायम, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, भाग आहे आमचा. पिंजरा दर वेळी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायचा आणि लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी भिजवायच्या.

निकाल: विहिरीपाशी, घरापासून ६० पावलांवर सोडलेल्या पाचांपैकी तीन परत. व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, बांधावर सोडलेल्या आठांपैकी एकही नाही. ते तिथे जगले की घुबडाने नेले, हे वही सांगत नाही. घरात खाऊन-पिऊन वाढलेला उंदीर उघड्यावर किती टिकणार, याबद्दल मी स्वतःची फार समजूत घालत नाही. म्हणून पिंजरा लावणं कमी आणि फटी बुजवणं जास्त, असं हळूहळू होत चाललंय. आमच्या खाऱ्या हवेत साधी लोखंडी जाळी दोन पावसाळ्यांत गळते. स्टेनलेस स्टीलची भांडी घासायची घासणी फटीत कोंबायची, वरून सिमेंट. न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी. माजघराच्या १४ फटी झाल्या.

नोव्हेंबर, धनत्रयोदशी ते पाडवा

धनत्रयोदशीच्या रात्री पत्र्याच्या पेटीत एक आली, शेपटीला ठिपका लावून सकाळी विहिरीपाशी सोडली. फराळाच्या गडबडीत व्हाळापर्यंत जायला वेळ नव्हता. त्याच रात्री तीच, त्याच पेटीत. दुसरा ठिपका लावला, बागेच्या टोकाला १५० पावलांवर सोडली. काल रात्री परत, या वेळी जाळीच्या पिंजऱ्यात. दोन जांभळे ठिपके. एवढी घाई कसली हिला, म्हणून पिंजरा उजेडात वर धरून खालून बघितलं, आणि पोटावरचे केस विरळ झालेले, सड ओले आणि लाल. दूध पाजणारी होती. आधीच्या दोन्ही वेळा बरणीत घाईने बघितलं होतं, पोटाकडे लक्षच गेलं नाही.

माद्या एकमेकींची पिल्लं सांभाळतात, एकाच घरट्यात दोघी-तिघी पाजतात. पण हिच्याबरोबर दुसरी कोणी आहे का, हे मला ठाऊक नव्हतं. रात्री अकराला माजघरात रांगोळी गाळली, सगळीकडे, दारापासून देवघराच्या पायरीपर्यंत, आणि पिंजऱ्याची झडप उघडली. सासूबाई पाट घेऊन शेजारी बसल्या. ती क्षणभर तोंडाशी थांबली, मिशा हलल्या, आणि भिंतीच्या कडेने गेली.

सकाळी बॅटरी आडवी धरली. पुढची चार बोटं, मागची पाच, मध्ये शेपटीची बारीक रेघ. पिंपामागून, मी बुजवलेल्या नवव्या फटीशी एक वळसा, मग सरळ गोधड्यांच्या लाकडी पेटीखाली. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात फळी कुरतडलेली, आणि आतून गेल्या वर्षीच्या पंचांगाच्या कागदाचे कपटे बाहेर आलेले.

पेटी उघडलेली नाही. डोळे उघडून पिल्लं खायला लागायला जन्मापासून तीनेक आठवडे लागतात. सासूबाईंनी तुळशीच्या लग्नानंतरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने गोल केली आहे आणि पेटीसमोर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आहे. पिंजऱ्याची झडप सुतळीने बांधलेली आहे.