तुम्ही विचारलंत म्हणून: खडीवरची फूटी

रत्नागिरीची बाई ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या एका बंद पडलेल्या फुटबॉल लीगचा एवढा जीव तोडून शोध का घेते, हे इथली मराठी मंडळी मला विचारतात, माहेरचेही विचारतात. फोनवर अर्धवट सांगून भागत नाही, म्हणून लिहिते.

हा फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन ‘फूटी’. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एकेका बाजूला अठरा जण. चेंडू मधल्या दोन खांबांतून मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. झेल घ्यायला खेळाडू समोरच्याच्या खांद्यापर्यंत उडी मारतात आणि धाडकन खाली येतात. ते खाली कशावर येतात, हे क्वीन्सटाउनला, म्हणजे पश्चिम टास्मानियातल्या तांब्याच्या खाणीच्या गावाला, महत्त्वाचं.

तिथल्या मैदानावर गवताचं पातं नाही. सगळी बारीक, करडी खडी, पावसानं दाबून घट्ट झालेली. पडलं की कोपर सोलवटतं, गुडघा सोलवटतो आणि कण कातडीत रुततात. म्हणून इथे पुष्कळ जण लांब बाह्यांचे शर्ट घालून उतरतात. पाहुण्या संघांना या मैदानाची धास्ती असते. गावाला मात्र त्याचा अभिमान आहे, आणि तो मला पूर्ण पटतो.

गवत का नाही? 1896 पासून माउंट लायेल कंपनीच्या तांब्याच्या भट्ट्या इथे पेटल्या. सरपणासाठी डोंगर तोडले गेले, उरलेली झाडं गंधकाच्या धुरानं मेली, आणि वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसानं माती धुऊन नेली. डोंगर बोडके झाले. भट्ट्या 1969 मध्ये थांबल्या. डोंगरांवर हिरवं आता कुठे पुन्हा दिसू लागलंय.

टास्मानियाची राजधानी होबार्टहून इथवर मोटाररस्ता आला तो थेट 1932 मध्ये. त्याआधी बाहेर पडायचं तर रेल्वे आणि बोट. बाहेरचे संघ येणार कुठून? मग गावांनी आपसातच लीग उभी केली. क्वीन्सटाउनमध्ये लायेल, सिटी आणि स्मेल्टर्स, म्हणजे चक्क भट्टीवाल्यांचा संघ, डोंगरापलीकडे गॉर्मन्स्टन. पुढे रोझबेरी आणि झीहान या खाणगावांसह वेस्टर्न टास्मानियन फुटबॉल असोसिएशन झाली. आठवडाभर एकाच कंपनीत राबणारी माणसं शनिवारी एकमेकांना आडवी पाडत आणि सोमवारी पुन्हा एकत्र कामावर जात.

ही लीग लोकांना कंटाळा आला म्हणून बुडाली, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. 1970 च्या दशकाच्या मध्यात तांब्याचे भाव कोसळले, खाणीत मोठी नोकरकपात झाली, आणि तरुण पोरं कुटुंबासकट निघून गेली. अठरा जण जमेनात. लायेल आणि गॉर्मन्स्टन एक झाले. पुढे तोही संघ राहिला नाही. गॉर्मन्स्टन गावच आता जवळपास ओस आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्वीन्सटाउनची वस्ती पाच हजारांच्या वर होती, आज दोन हजारही नाही.

आता माझं नातं. रत्नागिरीत स्टरलाइटचा तांबं वितळवण्याचा कारखाना येणार होता, ते आमच्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. धुरानं आंब्याचा मोहोर जळेल, मासळी जाईल, या भीतीनं लोक उठले. 1993 मध्ये काम थांबलं आणि कारखाना तुतीकोरीनला गेला. 1999 च्या सुमारास माउंट लायेलची खाण त्याच उद्योगसमूहाच्या हाती आली आणि इथलं तांब्याचं खनिज तुतीकोरीनच्या भट्टीकडे रवाना होऊ लागलं. हे कळलं त्या दिवसापासून ते बोडके डोंगर मला परके राहिले नाहीत. आमच्या बागायतदारांना ज्याची भीती होती, ते क्वीन्सटाउननं भोगलं होतं. पण त्याच धुरावर चार संघ पोसले गेले, पोरांना शनिवार मिळाला, हेही खरं. दोन्ही एकदम मनात धरणं मला जड जातं, म्हणूनच मी तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलत राहते.

2013 च्या डिसेंबरात आणि नंतरच्या जानेवारीत खाणीत मिळून तीन कामगार दगावले. 2014 पासून उत्खनन बंद आहे. गावाचा आता एकच संघ आहे, क्रोज. तो उत्तर-पश्चिम किनाऱ्यावरच्या लीगमध्ये खेळतो. म्हणजे निम्मे सामने लांबवर गाडी हाकून, आणि घरचे त्याच खडीवर. खाण पुन्हा सुरू करायच्या हालचाली चालू असतात. ती सुरू झालीच, तर गावात दुसरा संघ उभा राहील इतकी पोरं परततील का, हे मी तिथे भेटेल त्याला विचारते.