खटखटणाऱ्या डिस्कची पुढची नोंद: काळवंडलेले संपर्कबिंदू आणि एक अशक्त हेड

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या फोटो स्टुडिओची बंद पडलेली ५०० जीबीची हार्ड डिस्क काल रात्री बायोसमध्ये (संगणक सुरू होताना जोडलेली उपकरणे ओळखणाऱ्या प्रणालीत) आपल्या खऱ्या नावानिशी आणि पूर्ण क्षमतेनिशी दिसली. परिसरातल्या दंडारींचे (झाडीपट्टीतल्या लोकनाट्यांचे) जुने चित्रीकरण या एकाच डिस्कवर असल्यामुळे झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे.

१२ व्होल्टच्या बाजूचा टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेजपासून डिस्कचा सर्किट बोर्ड वाचवणारा भाग) शॉर्ट आहे, हे मागच्या नोंदीत लिहिले होते. तो काढल्यावर आणि ५ व्होल्टचा डायोड शाबूत असल्याची मल्टिमीटरने खात्री केल्यावर मोटर फिरू लागली. डायोडबरोबर संरक्षणही गेलेले असल्यामुळे आता चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसशिवाय (संगणकाच्या वीजपुरवठा पेटीशिवाय) ही डिस्क कशालाही जोडायची नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. मोटर पूर्ण वेग घेई, मग ठरावीक लयीत खट्-खट् असा आवाज येई आणि थोड्या वेळाने सारे थांबे. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात ‘हेड गेले, झाकण उघडून पाहू’ असे सांगण्यात आले. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. माहिती साठवणाऱ्या फिरत्या प्लेटपासून ती वाचणारे हेड अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते; उघड्या खोलीतला धुळीचा एक कण प्लेटवर ओरखडा पाडायला पुरेसा असतो. शिवाय हेड प्लेटवरच्या सर्वो खुणा वाचून आपली जागा ओळखते. त्या खुणांचा संकेत बोर्डापर्यंत पोचला नाही, तरी हेड धरणारा दांडा असाच भरकटून टोकाला आपटतो. म्हणजे हेड ठणठणीत असूनही खटखट होऊ शकते.

तेव्हा तशाच मॉडेलचा दुसरा बोर्ड मागवून त्यावर जुनी रॉम (बोर्डावरची स्मृती चिप) चढवायचे ठरवले होते. रॉममध्ये त्या विशिष्ट डिस्कच्या हेडांची जुळणी साठवलेली असते, त्यामुळे नुसता बोर्ड बदलून भागत नाही. आठ पायांची ती चिप सीएच३४१ए प्रोग्रामर या चिप वाचणाऱ्या उपकरणाने वाचून ठेवण्यासाठी टॉर्क्स स्क्रू काढले आणि बोर्ड उलटा केला, तेव्हा हेडांची जोडणी जिथे टेकते ते बारीक संपर्कबिंदू काळे पडलेले दिसले. धानपट्ट्यातल्या पावसाळी दमटपणात वर्षानुवर्षे ठेवलेल्या यंत्राचे असे होणे स्वाभाविक आहे. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासताच एकेक बिंदू चकाकू लागला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळू देऊन बोर्ड पुन्हा बसवला. खटखट थांबली. दुसऱ्या बोर्डाची मागणी मी रद्द केली आहे. रॉमची प्रत मात्र जपून ठेवली आहे.

आता डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कवरची माहिती उतरवणाऱ्या प्रोग्रामने इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) घेणे चालू आहे. यूएसबी अडॅप्टर न वापरता डिस्क थेट संगणकाच्या साटा जोडणीला लावली आहे, कारण अडखळणाऱ्या डिस्कपुढे स्वस्त अडॅप्टर स्वतःच गोठतात. भारनियमनाची चिंता मॅपफाइलने (काय वाचले, काय राहिले याच्या नोंदीने) मिटवली आहे, कारण काम तुटले तेथूनच पुढे सुरू होते; तरीही वीज अचानक जाणे डिस्कला बरे नव्हे, म्हणून यूपीएस लावला आहे. उन्हामुळे हे काम रात्रीच करतो आणि स्मार्टमधल्या (डिस्कच्या स्वतःच्या प्रकृती-नोंदीतल्या) तापमानावर नजर ठेवतो.

पहिल्या फेरीत -n हा पर्याय देऊन खरवडण्याचा (खराब भाग बारीक तुकड्यांनी वाचण्याचा) टप्पा टाळला होता, आणि उरलेला भाग -R देऊन उलट दिशेने वाचायचा विचार होता. पण डीडीरेस्क्यूव्ह्यूमध्ये (मॅपफाइल चित्ररूपात दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) मॅपफाइल उघडली, तेव्हा न वाचलेले पट्टे जवळजवळ सारख्याच अंतराने येताना दिसले. विखुरलेल्या बॅड सेक्टरची ही ठेवण नव्हे. माहिती हेडांमध्ये आळीपाळीने वाटलेली असते, त्यामुळे अनेक हेडांपैकी एकच अशक्त असल्याचे हे लक्षण आहे. म्हणून बेत बदलला: -K ने अडखळल्यावर पुढे मारायची उडी मोठी करून आधी सशक्त हेडांचा सगळा भाग उतरवून घ्यायचा आणि अशक्त हेडाला शेवटीच हात लावायचा.

हे लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट सुचली. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल मांडणी) आहे, म्हणजे भरलेल्या क्लस्टरांचा (जागेच्या तुकड्यांचा) नकाशा तिच्यातच आहे. तो भाग वाचला गेला असेल, तर त्यावरून डोमेन मॅपफाइल (कोणता भाग वाचायचा याची यादी) तयार करून -m ने फक्त भरलेली जागाच वाचता येईल आणि त्या हेडाला रिकाम्या जागेसाठी राबावे लागणार नाही. आज रात्री आधी तेच करून पाहतो.